केसाहून बारीक, पण हिशेब मोठा



कन्हेरीच्या मारुतीच्या पारावर एका आजोबांनी मला विचारले, "साहेब, युरियाची अख्खी गोणी आता अर्ध्या लिटरच्या बाटलीत बसते म्हणतात. खरं का हो?" प्रश्न साधा, पण घरचे वर्षाचे पीक त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून ते सविस्तर देतो.

ही बाटली नॅनो युरियाची. 'नॅनो' हे मापाचे नाव आहे. एका मीटरचे १०० कोटी सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. पदार्थाचे कण १०० नॅनोमीटरहून लहान करून त्यांच्याकडून काम करून घेणे, हेच नॅनो तंत्रज्ञान.

बारीक करून काय साधते? गुळाचा खडा पाण्यात हळूहळू विरघळतो, किसलेला गूळ मात्र लगेच. गूळ तेवढाच, पण त्याला पाणी जास्त बाजूंनी भिडते. कण फारच बारीक झाले की पदार्थाचा गुणही पालटतो. सोन्याचे असे कण पाण्यात लालसर दिसतात. आजी दिव्यावर काजळ धरायची, त्यातही असेच सूक्ष्म कण असतात. २००९ साली बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' या पाण्याच्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवले होते. विजेशिवाय ते जंतू मारीत. तेव्हा ही विद्या खरी आहे, थोतांड नव्हे.

आता खताकडे वळू. जमिनीत टाकलेल्या युरियातले बरेचसे नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर खाली जाते. इफ्कोने २०२१ मध्ये नॅनो युरिया आणला, तो पानांवर फवारण्यासाठी. पानांच्या छिद्रांतून कण थेट आत जातात, म्हणून थोडक्यात भागते, असे कंपनीचे म्हणणे.

पण वही-पेन्सिल घेऊन हिशेब करू. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. सुरुवातीच्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. पुढे २० टक्क्यांची बाटली आली, तिच्यातही सुमारे १०० ग्रॅमच. गोणीतले निम्म्याहून अधिक नत्र वाया गेले असे धरले, तरी किलो आणि ग्रॅम यांतले अंतर भरून निघत नाही.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले. नेहमीच्या नत्राची मात्रा कमी करून नॅनो युरियाच्या फवारण्या दिल्या, तेव्हा गव्हाचे उत्पादन सुमारे पाचव्या हिश्श्याने आणि भाताचे सुमारे १३ टक्के घटले. कंपनीला हे निष्कर्ष मान्य नाहीत. तिच्या प्रयोगांत उत्पादन वाढल्याचे ती सांगते.

मग आपण काय करावे? आपल्याच रानात पारख करावी. बाटली घ्यायची तर घ्या, पण लागणीच्या वा पेरणीच्या वेळची मात्रा तोडू नका. ती तोडा असे कंपनीही सांगत नाही. फवारणी वरखताच्या युरियाऐवजी आहे. उसाच्या चार सऱ्यांना नेहमीचे वरखत द्या, शेजारच्या चार सऱ्यांवर लेबलावरच्या मात्रेने फवारा. बाकी मशागत, पाणी सारखेच ठेवा. फवारताना मास्क आणि हातमोजे वापरा. तोडणीला दोन्हींचे वजन वेगवेगळे करा. नोंदीची वही घरातल्या लेकीसुनेकडे सोपवा, आकडा चुकायचा नाही. त्याआधी माती तपासून घ्या. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आजोबांना मी एवढेच म्हणालो, "गोणी बाटलीत बसत नाही. बाटलीचा उपयोग किती, ते तुमच्या चार सऱ्या सांगतील. तोवर सगळे रान तिच्यावर सोडू नका."