संगणकाच्या पोटातला संगणक

'माझ्या संगणकावर तर व्यवस्थित चालतंय!' सॉफ्टवेअरच्या व्यवसायात हे वाक्य ज्याने उच्चारले नाही, असा माणूस विरळाच. प्रस्तुत लेखकावरही एकदा ती पाळी आली होती. विंडोजच्या संगणकावर महिनाभर तपासलेली एक वेबसाइट ग्राहकाच्या लिनक्स सर्व्हरवर चढवली आणि तिचे पहिले पानच उघडेना. रात्रभर शोधाशोध केल्यावर दोष सापडला तो एका अक्षराचा. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर 'कॅपिटल' होते, प्रोग्रॅममध्ये मात्र ते 'स्मॉल' लिहिले गेले होते. विंडोज हा भेद सहसा मानत नाही. लिनक्स काटेकोरपणे मानते.

असे सापळे अनेक आहेत. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे पहाटे दोन वाजता नोंदवलेली मागणी सर्व्हरच्या दप्तरी आदल्या दिवसाच्या तारखेने पडते. प्रोग्रॅमर दिवसा आपल्या संगणकावर चाचणी घेतो, तेव्हा हा दोष त्याला दिसतच नाही. हिशेब जुळत नाहीत, तेव्हा कळते.

यावरचा उपाय म्हणजे प्रोग्रॅम ज्या वातावरणात अखेर राहणार, तेच वातावरण लिहिणाऱ्याच्या टेबलावर उभे करणे. त्यासाठी दुसरा संगणक विकत घेण्याची गरज नाही. एकाच यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र, अर्थात 'व्हर्च्युअल मशीन', चालवता येते. कल्पना नवी नव्हे. आयबीएमने ती १९६० च्या दशकात आपल्या अवाढव्य संगणकांवर राबवली आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली बाजारात आणली. घरगुती संगणकांची प्रोसेसर-रचना मात्र या कामाला अनुकूल नव्हती. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ती अडचण सॉफ्टवेअरच्या युक्तीने ओलांडली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. 'व्हर्च्युअलबॉक्स' हे विनामूल्य सॉफ्टवेअर २००७ मध्ये आले आणि सामान्य प्रोग्रॅमरलाही हे यंत्र परवडू लागले.

पहिली ठेच याच सोयीपाशी लागते. अनेक संगणकांत ती 'बायोस'मध्ये बंद ठेवलेली असते. नवे यंत्र तयार करताना यादीत ६४ बिटची प्रणालीच दिसली नाही, तर प्रथम तिकडे पाहावे.

त्यानंतर वाटणी. संगणकात १६ जीबी मेमरी असेल, तर चार जीबी पाहुण्याला द्यावी. दहा-बारा दिल्यास यजमानच उपाशी राहतो आणि दोघेही रखडतात. डिस्कचे तसे नाही. पन्नास जीबीची डिस्क दिली, तरी ती प्रत्यक्षात लागेल तशी वाढत जाते. मात्र आतल्या फाइली पुसल्या म्हणून ती आपोआप आकसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नेटवर्कचा भाग नवख्याला सर्वाधिक गोंधळात टाकतो. नेहमीच्या मांडणीत आभासी यंत्र बाहेर जाऊ शकते, पण बाहेरच्याला थेट आत येता येत नाही. मोठ्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार आठवावा. आतले रहिवासी खुशाल बाहेर जातात. बाहेरून आलेल्याला मात्र कोणत्या घरी पाठवायचे, हे त्याला सांगून ठेवावे लागते. 'यजमानाच्या ८०८० क्रमांकाच्या दारावर येईल त्याला पाहुण्याच्या ८० क्रमांकावर पाठव' अशी ती सूचना. तिलाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

येथवर झाली ती यंत्राची उभारणी. ते सजवणे, म्हणजे वेब सर्व्हर, डेटाबेस, भाषा, घड्याळ असे सगळे बसवणे, हे 'प्रोव्हिजनिंग'. खरी मेख येथे आहे. हे काम हाताने केले की कोणी काय बसवले याची नोंद राहत नाही आणि सहा महिन्यांनी पाच जणांची पाच निराळी यंत्रे तयार होतात. मूळ आजार तसाच! मिचेल हाशिमोतो या तरुणाने २०१० मध्ये आणलेल्या 'व्हेग्रंट'ने याला उत्तर दिले. यंत्राचे सगळे वर्णन एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहायचे: कोणती लिनक्स, किती मेमरी, कोणते पोर्ट आणि आत काय बसवायचे. मग 'व्हेग्रंट अप' एवढी आज्ञा दिली की यंत्र उभे राहते. ही फाइल प्रोग्रॅमसोबतच जपली जाते; नव्याने रुजू झालेला सहकारी तीच आज्ञा देतो आणि कामाला लागतो. सजावट मात्र फक्त पहिल्या उभारणीच्या वेळी होते. नंतर कृती बदलली, तर 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' म्हणावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे वाया गेलेल्या दुपारी थोड्या नसतील.

कृती लिहिताना ती दुसऱ्यांदा चालवली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा. 'सेटिंगच्या फाइलीत ही ओळ जोड' असे लिहिले, तर दुसऱ्या वेळी तीच ओळ दोनदा येते. 'नसेल तर जोड' असे लिहावे. आवृत्तीही नेमकी सांगावी. 'सर्वांत नवी' म्हटले, की आजची आणि तीन महिन्यांनंतरची यंत्रे वेगळी निघतात. पासवर्ड या फाइलीत कधीही लिहू नयेत, कारण ती चारचौघांच्या हाती जाते.

डॉकर २०१३ मध्ये आल्यापासून पुष्कळ कामे त्याकडे गेली, हे खरे. डॉकरची पेटी हलकी असते, कारण तिला स्वतःचा कर्नल नसतो. पण संपूर्ण लिनक्सची पारख करायची असेल, तर आभासी यंत्रच लागते. २०२० पासून ॲपलच्या संगणकांत निराळ्या घराण्याचा प्रोसेसर आल्याने इंटेलसाठी बनवलेली तयार यंत्रे तेथे जशीच्या तशी चालत नाहीत. त्या प्रोसेसरसाठी बनवलेली लिनक्स निवडावी लागते. शिवाय व्हेग्रंटचा परवाना २०२३ मध्ये बदलला. मोठ्या कामाआधी तोही वाचावा.

आम्ही महिन्यातून एकदा चालते यंत्र मुद्दाम पुसून टाकतो आणि कृतीवरून पुन्हा उभारतो. पहिल्यांदा केले, तेव्हा ते उभेच राहिले नाही. कोणीतरी हाताने बसवलेले एक फाँट-पॅकेज कृतीत लिहायचे राहून गेले होते.