सांधा दोघांचा, दार एकच

खरीप तोंडावर आला की शेवगाव, पाथर्डी, नेवाशाच्या कृषी केंद्रांत एकच विचारणा सुरू होते : कोणतं वाण, पाकीट कितीला, माल कधी येणार. पाकिटातल्या जनुकाबद्दल कोणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण कपाशीच्या पानात दोन प्रथिनांचं कलम आहे.

२००२मध्ये जालन्याच्या महिकोचं बोलगार्ड कपाशीचं बियाणं आलं. त्यातल्या अळीमारक प्रथिनाला सगळे ‘क्राय१एसी’ म्हणतात, पण ११७८ अमिनो आम्लांच्या त्या साखळीतली पहिली ४६६ आहेत क्राय१एबी या त्याच्या भावाची. २००६मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या नाथ सीड्सला परवानगी मिळाली ते चिनी तंत्राचं वाण तर एबी आणि एसीचं जोडजनुक म्हणूनच ओळखलं गेलं.

प्रयोगशाळेत असं जोडप्रथिन करताना पहिल्या जनुकाची ‘थांबा’ ही खूण काढतात आणि पुढे दुसरं जनुक लावतात; पेशी दोन्ही सलग वाचते. मध्ये ग्लायसिन-सेरीनची मऊ दोरी ठेवली तर दोन्ही तुकड्यांना आपापली घडी घालायला मोकळीक मिळते. पण सांध्याला कारण लागतं. १९७७मध्ये कॅलिफोर्नियात इटाकुरा आणि बॉयर यांच्या चमूने सोमॅटोस्टॅटिन हे जेमतेम १४ अमिनो आम्लांचं संप्रेरक जिवाणूकडून बनवून घेतलं. एकटं असतं तर जिवाणूने ते फस्त केलं असतं. म्हणून त्याला एका थोरल्या प्रथिनाच्या पाठीला बांधलं आणि नंतर रसायनाने तोडून सोडवलं. किती नेमका विचार!

कपाशीत मात्र दोन भावांना जोडून काय साधलं, हाच प्रश्न मला छळतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात क्राय प्रथिन विरघळतं, तिथल्या ग्राहीला चिकटतं आणि भोकं पाडतं. एबी आणि एसी बहुतांशी एकाच ग्राहीला, म्हणजे एकाच दाराला, चिकटतात. गुलाबी बोंडअळीने ते दार बदललं आणि दोन्ही भाऊ बाहेर राहिले. बोलगार्ड-२मधलं क्राय२एबी जोडलेलं नाही, ते स्वतंत्र आहे आणि त्याचं दारही वेगळं. पण सोबतचा पहिला पहारेकरी, क्राय१एसी, आधीच निकामी झालेला, सगळा भार एकट्यावर आला. काही वर्षांत तोही हरला.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तेव्हा असलेले केशव क्रांती यांनी २००५मध्येच दाखवलं होतं की हिरव्या बोंडअळीला रोखायला झाडाच्या दर ग्रॅमला १.९ मायक्रोग्रॅम क्राय१एसी लागतं. ११० दिवसांनंतर पातळी त्याखाली जाते, आणि फुलाच्या बीजांडकोशात, बोंडाच्या सालीत ती सर्वांत कमी असते. गुलाबी अळीचं घर नेमकं तिथेच.

म्हणून नवं वाण येईल तेव्हा त्यातलं दुसरं प्रथिन कोणत्या ग्राहीला चिकटतं, हे कंपनीने पाकिटावर मराठीत छापलंच पाहिजे. तोवर अळी शिरलेल्या डोमकळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्यात आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवरचं पुढचं पीक, ठेवू नये.