यीशिएनचे अर्हत कोणत्या काळातले?

चीनमधील यीशिएनजवळच्या गुहांतून १९१२ च्या सुमारास अर्हतांच्या माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती बाहेर आल्या. एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिरवी, पिवळी, पांढरी झिलई आणि चेहरे तर जणू समोर बसलेल्या भिक्खूंचे!

तीन रंगांवरून त्या प्रथम तांग काळातील मानल्या गेल्या. आम्हांस ही घाई वाटते, कारण तशी झिलई पुढेही शतकानुशतके होत राहिली. मातीचा कण तापवून निघणारा प्रकाश मोजला, की मूर्ती केव्हा भाजली ते अंदाजे कळते. अशा चाचण्या व शैली पाहून बहुतेक अभ्यासक लियाओ किंवा जिन काळ (१० वे ते १३ वे शतक) सांगतात. २०१६ च्या एका ग्रंथाने मात्र मिंग काळ धरला आहे. व्यापाऱ्यांनी मूर्ती नोंद न करताच हलविल्या, काढताना काही फुटल्याही. जागेवरचा पुरावा तेथेच संपला.