डोंगराळ जमिनीसाठी वापरलेला लहान ट्रॅक्टर

लहान ट्रॅक्टर हा कमी अश्वशक्तीचा, कमी वजनाचा आणि अरुंद जागेत वळू शकणारा शेतीचा ट्रॅक्टर होय. महाराष्ट्रात तो मिनी ट्रॅक्टर या नावाने ओळखला जातो. नव्या यंत्राची किंमत परवडत नसल्याने अनेक लहान शेतकरी व बागायतदार वापरलेला ट्रॅक्टर विकत घेतात. सपाट जमिनीवर अशा खरेदीत मुख्यतः इंजिनाची स्थिती पाहिली जाते. डोंगराळ जमिनीवर मात्र समतोल, ब्रेक आणि चालकाचे संरक्षण या बाबी इंजिनाच्या शक्तीपेक्षा महत्त्वाच्या ठरतात, कारण उतारावरील गंभीर अपघातांचे प्रमुख कारण ट्रॅक्टर उलटणे हे आहे.

व्याख्या

अमेरिकेतील कृषी अभियांत्रिकीच्या संकेतानुसार १,८०० किलोग्रॅमपेक्षा कमी वस्तुमानाचा, पीटीओवर ४० अश्वशक्तीपेक्षा कमी शक्ती देणारा, ५४० फेरे प्रतिमिनिट वेगाचा पीटीओ आणि तीन-बिंदू जोडणी असलेला ट्रॅक्टर लहान उपयोगी ट्रॅक्टर मानला जातो. पीटीओ म्हणजे इंजिनाची शक्ती रोटाव्हेटर, फवारणी पंप अशा अवजारांना पुरवणारा फिरता दांडा. भारतात साधारणपणे १५ ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना मिनी ट्रॅक्टर म्हटले जाते.

इतिहास

हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी १९३९ मध्ये फोर्ड ९एन या ट्रॅक्टरवर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. त्यापूर्वी नांगर अडकल्यास ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाऊन तो मागे उलटण्याचा धोका मोठा होता. फर्ग्युसन यांच्या रचनेत अवजाराच्या ओढीचा काही भाग मागच्या चाकांवर दाब म्हणून येत असल्याने हलक्या ट्रॅक्टरनेही नांगरट करणे शक्य झाले.

आजच्या लहान ट्रॅक्टरची घडण मुख्यतः जपानमध्ये झाली. तेथील भाताची खाचरे लहान असल्याने कुबोटा, यानमार, इसेकी व मित्सुबिशी या कंपन्यांनी कमी वजनाची डिझेल यंत्रे तयार केली. कुबोटाने १९६९ मध्ये एल२०० हा ट्रॅक्टर अमेरिकेत विक्रीस आणला. भारतात बंगळूर येथील व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या तांत्रिक सहकार्याने पॉवर टिलर व लहान ट्रॅक्टर बनवले. पुढे महिंद्रा, स्वराज व इतर भारतीय उत्पादकांनीही १५ अश्वशक्तीच्या आसपासची यंत्रे बाजारात आणली.

उतार आणि समतोल

ट्रॅक्टरच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी उभी रेषा चाकांच्या आधारक्षेत्राबाहेर पडली की तो उलटतो. आडव्या उतारावर तो किती कलापर्यंत स्थिर राहील हे दोन मापांवर अवलंबून असते : मागील दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. उदाहरणादाखल, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि चाकांतील अंतर ९० सेंटिमीटर असेल, तर सैद्धांतिक मर्यादा सुमारे ३७ अंश येते. हेच अंतर १२० सेंटिमीटर केल्यास ती ४५ अंशांवर जाते. उलट पुढील लोडरमध्ये भार भरून तो वर उचलला आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर गेला, तर ९० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्राची मर्यादा सुमारे ३१ अंशांपर्यंत खाली येते.

प्रत्यक्षात मर्यादा याहूनही कमी भरते. बहुतेक ट्रॅक्टरांचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे यंत्राचा आधार चौकोनी नसून दोन मागची चाके आणि पुढची खिळी यांनी बनलेला त्रिकोणी असतो. शिवाय जमीन कधीही गुळगुळीत नसते. २० अंशांच्या आडव्या उतारावर चालताना ९० सेंटिमीटर रुंदीच्या ट्रॅक्टरचे वरच्या बाजूचे मागचे चाक १५ सेंटिमीटर उंच दगडावर चढले, तर कल आणखी नऊ-दहा अंशांनी वाढतो. खालच्या बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यासही तोच परिणाम होतो. वेगात घेतलेले वळण, हलणारे द्रव भरलेली फवारणी टाकी आणि ओली माती यांमुळे उरलेली मर्यादाही संपते. म्हणून कागदावरील कोन हा सुरक्षित उतार समजला जात नाही.

मागे उलटण्याची क्रिया वेगळी असते. चाके रुतलेली असताना क्लच झटक्याने सोडल्यास, किंवा ओढायचा भार ठरलेल्या ओढदांड्याऐवजी त्याच्या वर कोठेतरी बांधल्यास, चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचा सांगाडाच मागील आसाभोवती फिरतो. ही संपूर्ण क्रिया सुमारे दीड सेकंदात घडू शकते. त्यामुळे चालकाला उडी मारण्यास वेळ मिळत नाही.

सुरक्षा चौकट

ट्रॅक्टर उलटल्यास चालकाभोवती मोकळी जागा राखणाऱ्या पोलादी कमानीस सुरक्षा चौकट म्हणतात. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर ती बंधनकारक केली आणि त्यानंतरच्या दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. अमेरिकेत १९७६ पासून पगारी कामगारांनी चालवायच्या, २० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांसाठी हा नियम लागू झाला. उत्पादकांनी १९८५ पासून ती सरसकट बसवण्यास सुरुवात केली. यामुळे त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त जुन्या यंत्रांवर चौकट आढळत नाही. भारतातील अनेक जुन्या लहान ट्रॅक्टरांवरही ती नसते.

चौकट आणि आसनपट्टा यांचा उपयोग एकत्रच होतो. पट्टा न बांधल्यास उलटताना चालक चौकटीबाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच सापडू शकतो. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये, असे सुरक्षा नियम सांगतात. सावलीसाठी बसवलेले पत्र्याचे वा कापडी छत म्हणजे सुरक्षा चौकट नव्हे. गावातील कारखान्यात पाइप जोडून केलेली कमानही तिची जागा घेऊ शकत नाही, कारण मान्यताप्राप्त चौकट विशिष्ट भाराखाली किती वाकावी याची चाचणी घेतलेली असते. आंबा, काजू यांसारख्या बागांत फांद्यांचा अडथळा होत असल्यास दुमडती चौकट वापरतात. मोकळ्या उतारावर ती पुन्हा उभी करणे आवश्यक असते.

उतारासाठी उपयुक्त रचना

चाकांची रुंदी : अनेक ट्रॅक्टरांच्या मागील चाकांतील अंतर रिम उलटी बसवून वाढवता येते. वापरलेला ट्रॅक्टर पाहताना हे अंतर प्रत्यक्ष मोजले जाते. बाजारात येणारे बरेच मिनी ट्रॅक्टर द्राक्षबागेत किंवा उसाच्या सऱ्यांत आंतरमशागतीसाठी मुद्दाम अरुंद ठेवलेले असतात. दोन ओळींमधून जाण्यासाठी उपयोगी पडणारा हा अरुंदपणा उतारावर दोष ठरतो.

वजन : मागील टायरांत भरलेले पाणी आणि चाकांना लावलेली लोखंडी वजने गुरुत्वमध्य खाली आणतात. मागे जड अवजार असताना चढावर पुढची चाके हलकी होतात व सुकाणूचा ताबा सुटतो. ते टाळण्यासाठी पुढे वजने बसवतात.

चारही चाकांना शक्ती : फोर-व्हील ड्राइव्हमुळे चढावर पकड वाढते. उतरताना त्याचा आणखी एक लाभ असतो. बहुसंख्य लहान ट्रॅक्टरांत ब्रेक केवळ मागील चाकांना असतात. पुढील चाके गिअरपेटीशी जोडलेली असली की त्यांनाही मंदन मिळते.

ब्रेक व गिअर : डाव्या व उजव्या मागील चाकांचे ब्रेक स्वतंत्र असल्यास रस्त्यावर आणि उतारावर दोन्ही पायटे एकत्र अडकवावे लागतात. एकाच चाकाला ब्रेक लागल्यास यंत्र आडवे वळते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर निवडतात, म्हणजे इंजिनच वेग रोखते. इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून उतरणे अत्यंत धोकादायक असते.

खरेदीपूर्व तपासणी

तपासणीच्या वेळी इंजिन थंड असणे आवश्यक असते. आधीच तापवलेल्या इंजिनात सुरू होण्यातील अडचण लपून राहते. सुरू झाल्यानंतर निळसर धूर टिकून राहिल्यास तेल जळत असल्याचे समजते. सततचा काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे सुचवतो. पांढरा धूर थंडीत काही क्षण दिसू शकतो, पण तो न थांबल्यास इंधनपुरवठा वा पाणीगळती तपासावी लागते. श्वसननळीतून जोराने वायू बाहेर येत असल्यास पिस्टनच्या कड्या झिजलेल्या असतात. इंजिनाचे तेल दुधाळ दिसणे हे त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण आहे.

डोंगराळ जमिनीसाठी पुढील चाचण्या विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात :

• चढावर वरच्या गिअरमध्ये भार दिल्यास इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत असतो.
• दोन्ही ब्रेक वेगवेगळे व एकत्र दाबून पकड सारखी आहे का, आणि हातब्रेक उतारावर यंत्र धरून ठेवतो का, हे पाहतात.
• जड अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते लवकर खाली येत असेल, तर हायड्रॉलिक उचल यंत्रणेत गळती असते.
• पुढचा आस उचलून मधल्या खिळीत, चाकांच्या बेअरिंगांत व सुकाणूच्या सांध्यांत किती सैलपणा आहे ते तपासतात.
• क्लचचे घर, पुढच्या आसाचा आधार आणि लोडरची जोडणी येथे वेल्डिंगच्या खुणा किंवा नव्या रंगाखाली भेगा आहेत का ते पाहतात.
• फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे व मागचे टायर उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच असावे लागतात. चुकीच्या मापामुळे पुढच्या गिअरांवर सतत ताण येतो.

तासमापकावरील आकडा एकटा विश्वसनीय नसतो. जुने यांत्रिक तासमापक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे कमी वेगात केलेले काम ते कमी दाखवतात. मापक बदललेलाही असू शकतो. पायट्यांची झीज, आसनाची अवस्था आणि ओढदांड्याच्या भोकाचा लांबट झालेला आकार यांवरून वापराचा अधिक खरा अंदाज येतो.

परदेशातील वापरलेल्या यंत्रांचा प्रश्न

जपानमध्ये वापरलेले लहान ट्रॅक्टर १९८० व १९९० च्या दशकांत मोठ्या संख्येने अमेरिकेत आयात झाले. जपानच्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या या यंत्रांवरील सूचना जपानी भाषेत होत्या. त्यांची रचना अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांपेक्षा काही बाबतींत वेगळी होती आणि त्यांचे सुटे भाग स्थानिक विक्रेत्यांकडे सहज मिळत नव्हते. कुबोटाच्या तक्रारीवरून हे प्रकरण अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे गेले. १९९९ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने अशी आयात रोखण्याचा आदेश कायम ठेवला. सुटे भाग व दुरुस्ती यांची स्थानिक सोय हाही यंत्राच्या मूल्याचा भाग असतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

भारतातील कागदपत्रे

भारतात ट्रॅक्टरची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये होते. नोंदणी प्रमाणपत्रावरील चॅसी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष यंत्राशी ताडून पाहावे लागतात. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असल्यास प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि मालकी हस्तांतरासाठी नमुने २९ व ३० वापरले जातात. एकाच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती द्यायची असते. नोंद न बदलल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. संबंधित मॉडेलचा चाचणी अहवाल पाहिल्यास विक्रेत्याचे दावे पडताळता येतात.

महाराष्ट्रातील स्थिती

कोकण आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील शेती लहान तुकड्यांत व पायऱ्यांच्या खाचरांत विभागलेली आहे. खाचराचा तळ सपाट असला तरी धोका बांधावर असतो. भिजलेल्या बांधाची कड चाकाखाली ढासळते आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना कल अचानक वाढतो. पावसाळ्यात लाल माती निसरडी होते, तर जांभ्याच्या कातळावर टायरची पकड जमिनीच्या खडबडीतपणानुसार बदलते. अशा ठिकाणी ट्रॅक्टर घेण्यापूर्वी पाणंदीची रुंदी, वळणे व खाचरांत उतरण्याची वाट मोजणे उपयुक्त ठरते. वाट तिरकी न ठेवता उताराच्या दिशेने सरळ काढल्यास आडव्या कलाचा धोका कमी होतो.

पर्याय

ज्या उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवणे सुरक्षित नाही, तेथे पॉवर टिलर, पॉवर वीडर किंवा बैलजोडी अधिक योग्य ठरते. चालक यंत्रावर न बसता मागून चालत असल्याने यंत्र उलटले तरी त्याखाली सापडण्याची शक्यता कमी असते. वर्षातून मोजकेच दिवस काम असल्यास भाड्याने यंत्र घेणेही परवडते.

वापरलेल्या ट्रॅक्टरची खरी किंमत ठरवताना विक्रीच्या रकमेत मान्यताप्राप्त सुरक्षा चौकट, आसनपट्टा, ब्रेक, टायर व वजने यांचा खर्च मिळवला जातो. ज्या जुन्या मॉडेलसाठी चौकट उपलब्धच नाही, तो ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी डोंगराळ जमिनीसाठी योग्य मानला जात नाही.

हेही पहा

ट्रॅक्टर
पॉवर टिलर
हॅरी फर्ग्युसन
गुरुत्वमध्य
पायऱ्यांची शेती