वसईचा गोन्सालो आणि त्याच्या आधीचे रक्तसाक्षी



ब्रास बसाह एमआरटीच्या बाहेर, क्वीन स्ट्रीटवर एक जुनं पांढरं चर्च आहे, कॅथेड्रल ऑफ द गुड शेफर्ड. आपण सगळेच त्यासमोरून कितीदा तरी गेलो असू. ‘गुड शेफर्ड’ म्हणजे चांगला मेंढपाळ. या नावामागे एक चिठ्ठी आहे. लॉरें इंबेर हे फ्रेंच धर्मगुरू १८२१ च्या सुमारास काही दिवस सिंगापुरात थांबले होते. पुढे ते कोरियात बिशप झाले. १८३९ साली तिथे ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा आपण पकडले गेलो तर बाकीचे वाचतील या आशेने ते स्वतः हवाली झाले, आणि बायबलमधल्या चांगल्या मेंढपाळाची आठवण देऊन दोन सहकाऱ्यांनाही तसंच करायला कळवलं. तिघांचाही शिरच्छेद झाला. १८४७ साली पूर्ण झालेल्या इथल्या चर्चला नाव मिळालं ते त्या चिठ्ठीवरून.

अशा माणसांना मराठी ख्रिस्ती समाजात एक नेमका शब्द आहे : रक्तसाक्षी. मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’चा अर्थही साक्षीदार असाच, अगदी कोर्टातल्यासारखा.

पहिले रक्तसाक्षी कसे मेले, हे शोधायला गेलो तर एक गंमत कळली. बायबलच्या नव्या करारात अशी वर्णनं फार थोडी आहेत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्तेफनला यरुशलेमच्या बाहेर नेऊन दगडांनी ठार मारलं, आणि मारणाऱ्यांची वस्त्रं शौल नावाचा तरुण सांभाळत होता. हाच पुढचा पौल! त्याच पुस्तकात हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारल्याचं एका ओळीत उरकलंय.

बाकीचं बरंचसं परंपरेतून आलेलं. पेत्राला रोममध्ये उलटं क्रुसावर टांगलं, पौल रोमन नागरिक म्हणून त्याचा शिरच्छेद झाला, बर्थलमयाची कातडी सोलली, आणि थोमाला आपल्या चेन्नईच्या मैलापूरजवळ भाल्याने भोसकलं. श्रद्धा म्हणून या कथांचं मोल मोठं आहेच, पण स्तेफनची गोष्ट आणि या गोष्टी एकाच पुराव्याच्या तराजूत घालू नयेत, असं माझं इंजिनिअरी मत!

पण जिचा इतिहास नीट नोंदलेला आहे, अशी एक गोष्ट थेट आपल्या वसईची आहे. गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६ च्या सुमारास, वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडचीच. तरुणपणी तो जेझुइटांबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा उत्तम शिकला. पण संघात काही घेतलं गेलं नाही, म्हणून व्यापार केला. तोही चांगला चालला, आणि तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. १५९३ साली त्याला पुन्हा जपानला पाठवलं ते पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून, म्हणजे भाषा येत होती म्हणूनच. (आपल्यातल्या ऑनसाइटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.)

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरून स्पेनच्या हेतूंचा संशय बळावला आणि सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने शिक्षेचा हुकूम काढला. एकूण २६ जण : ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी जेझुइट आणि १७ साधे जपानी ख्रिस्ती, ज्यांत सगळ्यात धाकटा १२ वर्षांचा. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून शहरातून धिंड काढली, आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत शेकडो किलोमीटर चालवलं.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे केले. जपानी पद्धतीत खिळे ठोकत नसत. दोऱ्या आणि लोखंडी कड्यांनी जखडून, दोन्ही बाजूंनी भाले खुपसून प्राण घेत.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी सगळ्यांना संतपद दिलं. गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत! आज वसईत गास इथलं चर्च आणि गावातलं कॉलेज त्याच्या नावाचं आहे. नागासाकीला निशिझाकावर १९६२ साली उभारलेलं स्मारक आहे, भिंतीवर ओळीने २६ ब्राँझच्या आकृती. सिंगापूरहून जपानच्या ट्रिपला जाणार असाल तर त्यांत आपला वसईकर शोधा.