खाद्यव्यवसाय : आधी अनुभव, मग भांडवल

सोलापूर म्हटले की शेंगाचटणी आणि कडक भाकरी आठवते. या दोन्ही वस्तू आपल्या घरोघरी होतात. त्यामुळे बेकार तरुणांना आणि बचत गटातील भगिनींना हाच धंदा सर्वांत सोपा वाटतो. निवृत्तीची पुंजी, दागिने किंवा बँकेचे कर्ज त्यात घातले जाते. धंदा बुडाला तर केवळ दुकान बंद होत नाही, मुलांचे शिक्षणही अडते. म्हणूनच घरची चव आणि धंद्याचे ज्ञान यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली बाब मालाची. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरी चिरते. कडक भाकरीत ओल राहिली तर बुरशी धरते. चटणी गरम असतानाच पिशवीत बंद केली तर आत वाफ साचते. काळे, सुरकुतलेले दाणे निवडून काढले नाहीत तर चटणी कडवट होते. बुरशीचे दाणे तर आरोग्यासही घातक असतात. घरची चटणी चार दिवसांत संपते, दुकानातली मात्र कित्येक आठवडे टिकावी लागते.

दुसरी बाब हिशेबाची. समजा, 120 रुपये किलोने 10 किलो दाणे घेतले. निवडून, भाजून, फोलपटे पाखडून 9 किलो उरले, तर दाणा 133 रुपयांना पडला. ही घट न धरता किलोमागे 10 रुपये नफा ठेवणारा विक्री वाढेल तसा अधिक तोट्यात जातो!

तिसरी बाब बाजाराची. उधारी किती द्यावी, परत आलेल्या मालाचे काय करावे, दाणे कधी भरावेत, हे पुस्तकात सापडत नाही. शिवाय 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो, तो वेगळाच.

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पापड लाटणे त्यांना येतच होते. परंतु मालाचा दर्जा एकच ठेवावा आणि हिशेब चोख असावा, हे मार्गदर्शन त्यांना छगनलाल पारेख यांच्याकडून मिळाले. हाताला कसब असूनही त्यांनी जाणकाराचा सल्ला मानला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा लहानपणापासून गल्ल्यावर बसून हे सारे शिकतो. ज्यांच्या घरी कधी दुकानच नव्हते, त्यांना हे बाळकडू कोठून मिळणार? त्यांनी ते कष्टाने मिळवले पाहिजे. सहा महिने, वर्षभर एखाद्या चटणीच्या कारखान्यात, भाकरी केंद्रात किंवा खानावळीत नोकरी करावी. खरेदीपासून वसुलीपर्यंत सर्व पाहावे, रोज वहीत टिपून ठेवावे. त्यानंतर पाच किलोपासून स्वतःचा आरंभ करावा.

दुसऱ्याकडे राबण्यात कमीपणा नाही. तेथे शिकताना पगार मिळतो. स्वतःच्या दुकानात शिकताना मात्र घरची पुंजी खर्ची पडते.