पत आणि पोटातली गोष्ट

श्रावणी अमावास्येला यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी पोळा भरतो. सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात आणि झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी पदं, सुरू होतात. एकानं खणखणीत आवाजात झडती म्हणायची, बाकीच्यांनी महादेवाच्या नावानं साथ द्यायची, ही विदर्भातली जुनी रीत. सावकार, सरकार, कापसाचा भाव, रुसलेला पाऊस, झडतीत कुणालाच माफी नसते. गाव खदखदून हसतं. कर्जबाजारीपणावर इतक्या मोठ्यानं बोलणं वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नाही.

नीट कान दिला तर मात्र एक गोष्ट लक्षात येते. झडतीतलं दुःख अवघ्या गावाचं असतं, म्हणणाऱ्याचं एकट्याचं कधीच नसतं. ‘माझं खातं थकलंय, मला रात्रभर झोप नाही,’ असं तोरणाखाली कुणी म्हणत नाही. झडती म्हणणारा घरी जातो, पुरणपोळी खातो आणि गप्प बसतो.

या गप्प बसण्याला स्वभाव म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं उत्तर ‘पत’ या दोन अक्षरांत दडलेलं आहे. मराठीत पत म्हणजे अब्रू, आणि उधार मिळण्याची लायकी तीही पतच. मृग लागला की कृषी केंद्रातून बियाण्याची पाकिटं आणि खताच्या बॅगा उचलायच्या, पैसे कापूस निघाल्यावर द्यायचे, हा कोरडवाहू शेतीचा शिरस्ता. ही उधारी कागदापेक्षा ओळखीवर चालते. ‘अमका बुडाला’ ही कुजबुज दुकानापर्यंत पोचली, की त्याला पाकीट रोखीनंच मिळतं. तीच कुजबुज सोयरिकीपर्यंत पोचली, तर मुलीकडच्यांचा किंवा मुलाकडच्यांचा निरोपच येत नाही. म्हणजे मन मोकळं करण्याची किंमत इथं रुपयांत मोजता येते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण शहरी माणूस गमतीनं वापरतो. पेरणीच्या तोंडावर ती हिशेबाची बाब असते.

झाकण्याचेही थर असतात. बँकेच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, त्यामुळे ते निदान तलाठ्याला तरी ठाऊक असतं. सोसायटीचं सचिवाला. सावकाराचं मात्र देणाऱ्याघेणाऱ्यांतच राहतं. साळ्याकडून घेतलेली रक्कम बायकोला माहीत नसते आणि बायकोनं बचत गटातून उचललेली कधीकधी नवऱ्याला. एकाच छपराखाली दोघं आपापला आकडा पोटात घेऊन झोपतात, किंवा झोपत नाहीत.

महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव या विषयात टाळता येत नाही. तिथले शेतकरी साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले, संगीत जाणणारे गृहस्थ. 19 मार्च 1986 रोजी पत्नी मालती आणि चार मुलांसह त्यांच्या जीवनाचा अंत झाला. महाराष्ट्रातल्या चर्चेत आलेल्या शेतकरी आत्महत्यांपैकी ही पहिली मानली जाते. शेती करून जगणं अशक्य झाल्याचं त्यांनी मागं ठेवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. गावाचा कारभार पाहिलेला, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. त्याचं म्हणणं जगापुढं आलं ते कागदावरून, आणि उशिरा. 2017पासून किसानपुत्र आंदोलनाच्या आवाहनानं दरवर्षी 19 मार्चला राज्यात अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात.

अशा मृत्यूंचं कारण एकट्या कर्जात किंवा एकट्या अबोल्यात शोधणं चुकीचं ठरेल. पीक, भाव, आजारपण, दारू, घरातला कलह असं बरंच काही एकमेकांत गुंतलेलं असतं. मात्र सरकारी व्यवस्थेनं गुपिताला जी वागणूक दिली ती पाहण्यासारखी आहे. जानेवारी 2006च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं, आणि कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. ज्या सावकाराकडं कागदच नाही, त्याचं देणं मोजलं जात नाही. ‘पात्र-अपात्र’ हे शब्द त्यामुळे यवतमाळातल्या घराघरांत पोचले. जे आयुष्यभर झाकलं ते मेल्यानंतर सिद्ध करा, अशी ही तऱ्हा.

सिद्ध करण्याची ती वणवण बायकांच्या वाट्याला येते. जानेवारी 2019मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतल्यावर मोठा गदारोळ उठला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीनं आत्महत्या केली होती. अडीअडचणीला दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामाला येते, अशा आशयाचं त्या बोलल्या आणि मांडवानं ते उचलून धरलं. संमेलनाच्या मंचावर घरातली गोष्ट सांगणं त्यांना अचानक जमलं नव्हतं. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनीच कामं केली, त्यांत येडेही होत्या. स्वतःची कहाणी आधी भूमिकेच्या आडोशानं सांगायची, मग आडोसा काढायचा. झडतीपेक्षा हे एक पाऊल पुढं म्हणायला हवं.

सांगितल्यानं बरं वाटतं, हे मात्र नेहमीच खरं का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी गेले. ते ऐकणारं कुणी नव्हतं, तरी फरक पडला. उलट बाजूही आहे. संकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एकेकाळी फार बोकाळली होती. तिच्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही. अमांडा रोझ यांनी 2002मध्ये शाळकरी मुलामुलींवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं, की जिवलग मैत्रिणी एकच दुःख पुन्हा पुन्हा बोलत बसतात, तिथं मैत्री घट्ट असते आणि उदासीही जास्त. याला मराठीत नेमका शब्द आहे, उगाळणं. चंदन उगाळावं, दुःख उगाळू नये, असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणत आल्या, त्यांचं पूर्ण चुकत नव्हतं.

मग कुणाला सांगायचं? या प्रश्नाचं एक बरंचसं पटणारं उत्तर यवतमाळच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यात सापडलं. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या सहभागानं तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम दीड वर्ष चालला. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते आधी बोलते करायचे, गरज दिसली तर समुपदेशकाकडं पाठवायचे आणि आजार जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं. समुपदेशक म्हणजे कुणी मोठे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे आकडे मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी कार्यक्रमाविना ठेवलेली गावं या पाहणीत नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ‘विश्राम’ला देता येत नाही. तरीही सहापट लोक दार ठोठावतात, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हेच काम आज्यांवर सोपवलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर एक प्रशिक्षित आजी बसते, शेजारी बसेल त्याचं ऐकते आणि एक अडचण निवडून त्यावर काय करता येईल ते त्याच्याकडूनच वदवून घेते. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर अशा बाकावर बसलेल्यांपैकी 13.7 टक्के जणांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 49.9 टक्के. आजी ऐकून सोडून देत नाही, पुढचं पाऊल काढायला लावते. उगाळणं आणि सांगणं यांतला फरक बहुधा इथंच असावा.

महाराष्ट्र सरकारनं 2015मध्ये 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यात यवतमाळ आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन विचारपूस करतात, त्रास दिसला तर पुढं पाठवतात, आणि 104 या क्रमांकावर फोनवर बोलता येतं. कल्पना उत्तम, पण एक खोच आहे. आशा गावातलीच असते. ती कुणाची तरी भावजय असते, कुणाची तरी सून. म्हणजे ती पत आणि सोयरीक यांच्या त्याच वर्तुळात बसलेली. तिला आकडा सांगितला तर तो तिच्याच घरी राहील, याची खात्री माणसाला कशी वाटावी? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो, पण कायदा दवाखान्यात लागू पडतो, नळावर नाही. अशा वेळी फोनच बरा वाटू शकतो. ऑक्टोबर 2022पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर पलीकडच्या माणसाला ना कृषी केंद्र माहीत, ना सोयरे. धुऱ्यावर उभं राहूनही बोलता येतं.

आशा सेविकेला मात्र एक गोष्ट फोनपेक्षा चांगली जमू शकते. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. तिच्यात कर्ज नाही, सावकार नाही, घरातलं भांडण नाही. भूक, थकवा, कामात रस, एकाग्रता, आणि अर्थातच स्वतःला संपवण्याचे विचार आहेत. तिसरा प्रश्न झोपेचा आहे. ओसरीवर बसून चहाचा कप खाली ठेवताना कुणीही विचारू शकेल असा: दादा, रात्री झोप लागते का?